सुटकेच्या कागदासोबत महिन्याच्या गोळ्याही हाती द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समिती,
जिल्हा कोल्हापूर

विषय : एचआयव्हीसह जगणाऱ्या बंद्यांचे उपचार तुरुंगात आणि सुटकेनंतर अखंड चालू राहण्याबाबत

महोदय, महोदया,

मी कोल्हापुरात एचआयव्हीचे समुपदेशन करते. तपासणीआधी आणि नंतर माणसाशी बोलणे, गोळी रोज का घ्यायची ते पटवून देणे, आणि जे उपचार केंद्रावर यायचे थांबले त्यांच्या गावी जाऊन चौकशी करणे हे माझे काम. थांबलेल्यांच्या यादीतले एखादे घर गाठले की कधी आई दाराशीच हळू आवाजात सांगते, ‘तो आत आहे.’ काही महिन्यांनी पुन्हा जावे तर सांगते, ‘सुटून आलाय, पण गोळ्या काही घेत नाही.’ या दोन उत्तरांच्या मधे जे घडते, ते आपल्यासमोर मांडायचे आहे.

आपल्या समितीलाच लिहिण्याचे कारण सरळ आहे. प्रमुख जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि कारागृह अधीक्षक एकत्र बसतात अशी ही समिती आहे. बंद्याच्या गोळीची वाटही यांच्याच हद्दीतून जाते: पोलीस कोठडी, न्यायालय, तुरुंग, जामीन, गाव. आरोग्य खात्याचे माणूस मात्र समितीच्या रचनेत नाही. प्रत्येक खात्याने आपापले काम चोख केले तरी गोळी मधेच कुठेतरी राहून जाऊ शकते, कारण एका हद्दीतून दुसरीत ती पोचवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरलेले नसते.

कायद्याबद्दल फार लिहीत नाही, आपल्याला तो माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३१ नुसार राज्याच्या ताब्यात असलेल्या प्रत्येक व्यक्तीला प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी आणि उपचारांचा हक्क आहे, आणि त्यात शिक्षा भोगणाऱ्यांबरोबर खटल्याची वाट पाहणारेही येतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत तर बंद्यांच्या आरोग्यसेवेबद्दल सांगताना उपचारांचे सातत्य राखा असे स्पष्ट म्हटले आहे आणि तिथे एचआयव्ही आणि क्षयरोगाचे नाव घेतले आहे. हक्क कागदावर आहेच. तो गेटवर कसा पोचवायचा, एवढाच प्रश्न उरतो.

आधी आजाराविषयी थोडे, कारण घाई कशासाठी हे त्यावरून कळेल. आज बहुतेक रुग्णांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे त्या एका गोळीत असतात. सरकारी केंद्रातून ती मोफत मिळते. देशात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा हा औषधोपचार, १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. गोळी नियमित चालू असली की विषाणू इतका दबतो की रक्तात मोजता येत नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, दर मिलिलिटरला २०० प्रतींच्या खाली राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. आणि गोळी बंद झाली की बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा डोके वर काढतो. म्हणजे महिनाभर गोळी न मिळालेल्या माणसाची कित्येक वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते, आणि घरी वाट पाहणाऱ्या बायकोलाही धोका निर्माण होतो. त्याच माणसाला हिपॅटायटिस बी असेल तर धोका आणखी वेगळा. याच गोळीतली दोन औषधे तो विषाणूही दाबून ठेवतात, त्यामुळे ती एकाएकी थांबली की यकृताला तीव्र सूज येऊ शकते.

क्षयरोगाचेही सांगायला हवे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के बंदी होते. अशा दाटीत एक खोकणारा माणूस बराकभर क्षय पसरवू शकतो, आणि प्रतिकारशक्ती उतरलेल्याला तो आधी गाठतो. क्षयाचे रिफॅम्पिसिन चालू झाले की डोल्युटेग्राविरची मात्रा दुप्पट करावी लागते. म्हणून तुरुंगातल्या डॉक्टरांना रुग्णाच्या एआरटीची माहिती नसेल तर दोन्ही उपचार बिघडतात.

देशाच्या प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. मध्यवर्ती कारागृहांतल्या राष्ट्रीय पाहणीत ते दोन टक्क्यांच्या आसपास आढळले, म्हणजे साधारण दहा पट. यातून तुरुंगातली माणसे वाईट आहेत असा अर्थ काढू नये. बरेच जण लागण घेऊनच आत येतात, आणि बाहेर ज्यांच्यापर्यंत आपण कधी पोचलोच नाही असे लोक इथे एका छताखाली भेटतात. ट्रकवर राबलेला, नशेच्या सुईत अडकलेला, धंद्यातून उचललेली, मजुरीसाठी गावोगाव हिंडलेला. तपासणीची आणि उपचार सुरू करण्याची याहून चांगली संधी आरोग्य खात्याला मिळणार नाही.

पहिली गळती अटकेच्या रात्रीच होते. अंगझडतीत पाकीट, मोबाइल, कंबरेचा करदोटा यांबरोबर गोळ्यांची बाटलीही निघते आणि पंचनाम्यात जाते. माणूस काही बोलत नाही. भोवती चार पोलीस आणि दोन सहआरोपी असताना ‘ही माझी एचआयव्हीची गोळी’ असे कोण म्हणेल? पोलीस कोठडीचे दिवस असेच जातात. मग तुरुंगात दाखल होताना डॉक्टर विचारतात, काही आजार आहे का? तो मान हलवून नाही म्हणतो. घरची माणसे भेटीला येतात तेव्हाही मधे जाळी आणि आजूबाजूला गर्दी असते, त्यामुळे बाटली पोचवायची गोष्ट निघतच नाही.

यावर उपाय फार अवघड नाही. पोलीस अधीक्षकांनी प्रत्येक ठाण्याला एक सूचना द्यावी: झडतीत सापडलेले कोणतेही चालू औषध मुद्देमालात न टाकता अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या हाती द्यायचे, आणि डॉक्टरांनी बंद्याशी एकट्याने बोलून ते चालू ठेवायचे. यात एचआयव्ही हा उल्लेखही लागत नाही. साखरेच्या, रक्तदाबाच्या, फिट्सच्या रुग्णांचाही यात फायदा आहे.

तुरुंगात आल्यावर तपासणी व्हावी, पण ती माणसाच्या संमतीने आणि एकांतात. संमतीशिवाय तपासणी कायद्याला मान्य नाही. माझा अनुभवही सांगतो की न विचारता काढलेल्या रक्ताचा अहवाल माणूस स्वतःचा मानत नाही आणि बाहेर पडला की तो झटकून टाकतो. एकांत म्हणजे गार्डना बोलणे ऐकू येणार नाही इतके अंतर. नजरेच्या टप्प्यात त्यांनी जरूर राहावे. फाइलवर लाल शाईची खूण, वेगळी बराक, वेगळे ताट, ‘तो बिल्ल्यावाला’ अशी ओळख, यातले काहीही चालता कामा नये. एचआयव्ही जेवणातून, ताटातून, एका नळाचे पाणी प्यायल्याने किंवा शेजारी झोपल्याने पसरत नाही. इथल्या कळंबा कारागृहातल्या बंद्यांनी वळलेले लाडू काही वर्षांपूर्वी अंबाबाईचा प्रसाद म्हणून याच शहराने भक्तीने घेतले. बंद्याच्या हातचे खायला कोल्हापूर कचरत नाही. मग आतल्या स्वयंपाकघरात कोण काम करू शकते यावर शंका काढायचे कारण नाही.

तुरुंगातल्या लैंगिक संबंधांवर आणि अत्याचारावर बोलायला सगळेच बिचकतात, तरी एक गोष्ट सांगून पुढे जाते. अत्याचार झाला किंवा दुसऱ्याच्या रक्ताने माखलेल्या पात्याने जखम झाली, तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करता येते आणि ते २८ दिवस घ्यायचे असते. जितके लवकर तितके चांगले. ते तुरुंगाच्या दवाखान्यात ठेवलेले असावे आणि कोणाकडे मागायचे हे प्रत्येक बंद्याला दाखल होतानाच सांगितलेले असावे.

महिला बंद्यांचे प्रमाण कमी, म्हणून त्यांचा विषय यादीत नेहमी शेवटी येतो. गरोदर बाईची तपासणी आणि गोळी वेळेत झाली तर बाळ एचआयव्हीमुक्त जन्मू शकते. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईबरोबर आत राहू शकते, त्यामुळे बाळाची सहा आठवड्यांची तपासणी आणि त्यापुढच्या तारखा आईच्या कोर्टाच्या तारखांइतक्याच काटेकोर पाळायला हव्यात.

आता सुटकेबद्दल. माझे खरे मागणे इथेच आहे.

शिक्षा झालेल्या बंद्याची सुटकेची तारीख आधी माहीत असते. त्याची तयारी करता येते. पण २०२२ च्या अखेरीस देशातल्या बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. त्यांची सुटका एखाद्या दुपारी मंजूर झालेल्या जामिनावर, जामीनदार कधी मिळतो त्यावर, आदेश गेटवर कधी पोचतो त्यावर ठरते. संध्याकाळी नाव पुकारतात. माणूस चप्पल घालून निघतो. गेटवर त्याचे सामान, पैसे, कागद नोंदवहीत सही घेऊन परत करतात. गोळ्या दवाखान्याच्या कपाटात राहतात, कारण त्या वेळी तिथे कोणी नसते आणि असले तरी त्याला मागायचे सुचत नाही. बाहेर भाऊ गाडी घेऊन उभा असतो. सीपीआर या सरकारी रुग्णालयातले एआरटी केंद्र तिथून काहीच किलोमीटरवर आहे, पण संध्याकाळी ते बंद असते. सकाळपर्यंत माणूस चंदगडला, शाहूवाडीला किंवा निपाणीला पोचलेला असतो.

राज्यातल्या एका तुरुंगातून सुटलेला एक माणूस आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या गोळ्या थांबून बराच काळ लोटला होता. तोंडात पांढरा थर, वजन उतरलेले, संध्याकाळी ताप. मी विचारले, केंद्रावर का गेला नाहीस? तो म्हणाला, ‘माझं नाव जेलच्या यादीत आहे ना? गोळी घ्यायची तर परत जेलला जावं लागेल, असं वाटलं.’ आपल्या गावाजवळच्या केंद्रात नाव बदलून घेता येते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. रोज एक गोळी घ्यायला तो तयार होता. परत त्या गेटवर जायला तयार नव्हता. (त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे काहीही यात नाही.)

हा एकट्या कोल्हापूरचा किंवा एकट्या भारताचा प्रश्न नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात २००४ ते २००७ दरम्यान सुटलेल्या दोन हजारांहून अधिक एचआयव्हीबाधित बंद्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आत असताना त्यांचे उपचार चालू होते. सुटताना दहा दिवसांची औषधेही त्यांना मिळत. तरी त्या दहा दिवसांत पुढची औषधे घेणारे होते ५ टक्के, आणि साठ दिवसांत ३० टक्के. चिठ्ठी हाती देणे पुरत नाही, हे त्यातून कळते. पुढच्या केंद्रात त्याची वाट पाहणारे कोणीतरी लागते, आणि तिथे पोचेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या खिशात लागतात.

म्हणून मागणे असे. ज्या दिवशी बंद्याची एआरटी सुरू होते किंवा चालू असल्याचे कळते, त्याच दिवशी त्याच्या सुटकेचे पाकीट तयार करावे. त्यात एक महिन्याच्या गोळ्यांची बंद बाटली, ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना केंद्राच्या सल्ल्याने अधिक. सोबत उपचारांची नोंद असलेल्या त्याच्या हिरव्या पुस्तकाची प्रत, केंद्रातला नोंदणी क्रमांक, शेवटच्या व्हायरल लोडची तारीख, क्षयाचे औषध चालू असल्यास त्याचा तपशील, आणि त्याने निवडलेल्या पुढच्या केंद्राचा पत्ता. पाकीट साधे, बंद, बाहेर फक्त बंदी क्रमांक. ते दवाखान्यात ठेवावे, औषधाची मुदत पाहून बाटली बदलत राहावी, आणि गेटवर इतर सामानासोबत सही घेऊन हाती द्यावे. गेटवरच्या शिपायाला आत काय आहे हे कळायची गरज नाही. त्याने एवढेच पाहायचे की या क्रमांकाचे पाकीट आहे का.

जामिनाच्या बाबतीत तर एक मोकळी जागा आधीच तयार आहे. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार जामिनाचा आदेश ईमेलने कारागृह अधीक्षकांकडे येतो, जामिनाची तारीख ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणकीय नोंदप्रणालीत भरायची असते, आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते. गरीब माणसाला जामीनदार मिळेपर्यंत काही दिवस जातातच. त्या दिवसांत समुपदेशकाची एक भेट सहज बसते. अधीक्षकांनी जामीन मंजूर झालेल्यांची यादी रोज तुरुंगाच्या दवाखान्याकडे द्यावी. कोणाचे पाकीट आहे ते दवाखाना स्वतःच्या नोंदीत पाहील. ई-प्रिझन्समध्ये कोणाच्याही नावापुढे एचआयव्हीची खूण लागू नये. ती एकदा लागली की कोणाकोणाच्या स्क्रीनवर उमटेल हे सांगता येणार नाही.

कोर्टाच्या तारखा, एका तुरुंगातून दुसऱ्यात बदली, संचित रजा, अभिवचन रजा, सगळीकडे हेच पाकीट सोबत जावे. येरवड्याहून बदलून आलेल्या माणसाचे उपचार इथे पहिल्यापासून सुरू करावे लागू नयेत. आणि आपला जिल्हा सीमेवरचा आहे हे विसरून चालणार नाही. इथून सुटलेला माणूस चिकोडीला किंवा बेळगावला राहत असेल तर त्याची कागदपत्रे कर्नाटकातल्या केंद्राकडे जायला हवीत. ते काम जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकावर सोपवावे, आणि झाले की नाही याचा आकडा, फक्त आकडा, दर बैठकीत आपण मागावा.

बाहेर आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात एक फोन जावा, आणि तो त्याने आत असतानाच पसंत केलेल्या माणसाचा असावा. शक्य असेल तिथे हे काम आधी बंदी राहिलेल्या आणि स्वतः गोळी घेणाऱ्या कोणाला मानधनावर द्यावे. त्याच्या बोलण्याला जे वजन असते ते माझ्या बोलण्याला येत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे. फोन नंबर एकच घेऊन भागत नाही, कारण अटकेत मोबाइल गेलेला असतो आणि नवे सिम कोणाच्या नावावर असेल ते सांगता येत नाही. बहिणीचा, शेजाऱ्याचा, ज्याला खरे ठाऊक आहे अशा एकाचा नंबरही घ्यावा. कोणीच नसेल तर निदान १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन त्याला पाठ करून द्यावी.

त्या पहिल्या महिन्यात त्याच्यासमोर फक्त आजार नसतो. रोजगार गेलेला असतो, घरमालकाने खोली दुसऱ्याला दिलेली असते, आधार कार्ड कुठल्या पिशवीत आहे ते सापडत नाही. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे, पण उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, डॉक्टरांचा दाखला गोळा करायला तहसील कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात आणि त्यासाठीही एसटीचे पैसे लागतात. जिल्हाधिकारी महोदय, आत असतानाच विधी स्वयंसेवकांकडून हे अर्ज भरून घेता येतील. सुटल्यावर फक्त सही आणि बँक खाते उरेल.

एक शंका मला अनेकदा ऐकवली जाते. गुन्हा करून आलेल्यासाठी एवढा खटाटोप कशाला, बाहेर प्रामाणिक माणसांना तरी वेळेवर औषध मिळते का? बाहेर मिळायलाच हवे, त्यासाठीही आम्ही भांडतो. पण न्यायाधीन माणसाचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, आणि झाला असता तरी न्यायाधीशांनी त्याला तुरुंगवासाची शिक्षा दिली, विषाणूची नाही. बाहेरचा माणूस स्वतः उठून केंद्रावर जाऊ शकतो. आतल्याच्या दाराची किल्ली सरकारकडे आहे, म्हणून त्याच्या गोळीची जबाबदारीही सरकारकडे आहे. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची हजेरी बंद करून पारध्यांना नोकरीत घेणाऱ्या शाहू महाराजांच्या शहरात याला विरोध होईल, असे मला वाटत नाही.

आपल्या समितीच्या कार्यपद्धतीत आजारी आणि विशेष उपचारांची गरज असलेल्या बंद्यांच्या प्रकरणांचा विचार करणे येतेच. एचआयव्ही खूप पुढच्या टप्प्यावर गेलेल्या, क्षयाने खंगलेल्या बंद्याच्या जामिनाचा विचार त्या गटात अग्रक्रमाने व्हावा. मात्र अर्जात आजाराचे नाव घालायचे की नाही हे त्याने ठरवावे. नाव न छापता, बंद दालनात सुनावणी घेण्याची सोय २०१७ च्या कायद्यातच आहे. वकिलांच्या पॅनेलला याचे एक प्रशिक्षण दिले तर ती सोय वापरली जाईल.

पुढच्या बैठकीला एआरटी केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि जिल्हा पथकाचे अधिकारी यांना निमंत्रित म्हणून बोलवावे, आणि पाकिटाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. पाकिटाचा नमुना, त्यात जाणाऱ्या कागदांची यादी आणि गेटवरच्या नोंदवहीत वाढवायचा एक रकाना, हे तयार करून आणायला मी आणि माझे सहकारी तयार आहोत. बैठकीची तारीख कळवावी.

आपली विश्वासू,
कोल्हापुरातील एक एचआयव्ही समुपदेशक